मंडई-नाटकाचा ठराव ग्रामसभेत घ्यायचा आहे, कसा लिहावा? (झाडीपट्टी)

बांधीवाला (ब्रह्मपुरी तालुका)
मंडळी, जरा मोठं लिहून रायलो, पुरं वाचजा.

भाऊबीज झाली का झाडीपट्टीत पडदा वर जाते तो होळीच्या आसपास खाली येते, भंडारा गोंदिया चंद्रपूर गडचिरोली चारही जिल्ह्यांत, हे इथल्या लोकाईले सांगाची गरज नाई. आमच्याकडं मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) रात्री नाटक. सुरू होते दहा-साडेदहाले, कारण धान कापणं बांधणं सुरू असते, पाहुणे संध्याकाळी येतात, जेवणंखावणं होतात मंग लोकं निंगतात. संपते पहाटे. आता कायदा म्हणते का रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर नाई. म्हणजे नांदी आन् माईक बंद एकाच टायमाले.

मंग होते काय तं मंडळाचे दोघं-तिघं ठाण्यात जातात, कोण्या पुढाऱ्याचा फोन करवतात, तिकडून तोंडी सांगतात का बावा आवाज कमी ठेवा. लेखी काईच नाई. एखाद्या वर्षी साहेब नवीन असला, नाईतं गावातल्याच कोणी जुन्या भांडणापोटी ११२ ले फोन लावला, का दुसऱ्या अंकात गाडी येऊन उभी. तिकिटं फाडून झालेली, नाटक कंपनीचा इसार गेलेला, पब्लिक बोंबलून रायली. असं लय वर्षापासून चालू आहे आन् आपुन दरवर्षी तेच करतो, पुढाऱ्याच्या पाया पडतो आन् त्याचा सत्कार करतो.

माझं म्हणणं असं का हे मेहेरबानीवर चालणं बंद झालं पायजे. कागद पायजे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० चे हायेत, त्यातच सवलत लिहून आहे का सांस्कृतिक नाईतं धार्मिक सणासाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत परवानगी देता येते. दरवर्षी कलेक्टर ऑफिसातून त्या दिवसाईची यादी निंगते. त्यात शिवजयंती असते, गणपती असते, नवरात्र असते, आन् ३१ डिसेंबर असते. ३१ डिसेंबरले नाचाले परवानगी आन् मंडईच्या रात्रीले नाई, हे कोणत्या संस्कृतीत बसते मले सांगा.

दुसरं म्हणजे घटनेच्या ११ व्या अनुसूचीत पंचायतीकडं द्यायचे २९ विषय हायेत, ७३ व्या दुरुस्तीनं आले, १९९२ ची. त्यात २० वर ग्रंथालयं, २१ वर सांस्कृतिक कार्यक्रम, २२ वर बाजार आन् जत्रा. आमच्या ग्रामपंचायतच्या आराखड्यात नाली, सिमेंट रोड, हायमास्ट आन् परत नाली. २१ नंबर कोणी वाचलाच नाई.

तं ग्रामसभेत ठराव घ्यायचा आहे. एका गावाचा ठराव फायलीत झोपते, पण आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावाईनं एकसारखाच घेतला आन् एकाच दिवशी तहसीलले दिला तं त्याले उत्तर द्यावं लागते. मजकूर काय ठेवाव ते सांगा.

वडसा_लाईन
विचार चांगला हाय भाऊ पण मी कंपनीच्या गाडीवर लाईट सांभाळतो, म्हणून दोन गोठी सांगतो.

पहिली, १२ पर्यंतची सवलत घेऊन आमी करू काय? तीन अंकी नाटक, मधात लावणी, मधात गाणे, पब्लिकले ते पुरं पायजे. बाराले बंद म्हणजे व्हिलन अजून घरातच शिरला नाई. दुसरी, मंडई काय सगळ्या गावची एका दिवशी असते का? आज तुमची, उद्या शेजारच्या गावची. जिल्ह्यात महिनाभर एका-एका रात्री कितीतरी ठिकाणी प्रयोग असतात. कलेक्टरच्या १५ दिवसात हे बसवाचं कसं? शिवजयंतीचा दिवस तं कोणी काढणार नाई यादीतून.

आन् हे पण लक्षात ठेवा का निवडणूक आली का सगळं गुंडाळते. २०२४ ले भाऊबीज ३ नोव्हेंबरची आन् विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरले, ऐन सीझनच्या तोंडावर आचारसंहिता. ठाणेदार म्हणे बंदोबस्तात आहो, नाटकाकडं माणूस कोठून देऊ. त्याचं बी बरोबर होतं म्हणा.

अभ्यासिका_२४
मी पोलीस भरतीची तयारी करतो आणि मला एक विचारायचं आहे, गावात फक्त नाटकच असतं का? मंडईत दुपारपासून डीजे, रात्री नाटक, दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्रा, मग कोणाच्या वाढदिवसाचा डीजे. घरात म्हातारी आजी आहे, ती झोपू शकत नाही. तुम्ही ठराव घेतला तर त्याच कागदावर डीजेवाले पण नाचतील. नियमात आवाजाची पण मर्यादा आहे, सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ७५ डेसिबलच्या वर जायला नको. ती मर्यादा कोण पाळतं? मला नाटक आवडतं, लहानपणी तणसावर बसून पाहिलं आहे, पण कलेच्या नावावर सगळं खपवू नका.

बांधीवाला
@अभ्यासिका_२४ शंभर टक्के पटलं बावा. ठरावातच लिहू का सवलत फक्त नाटक, दंडार, खडी गंमत (हे इथले लोकनाट्याचे प्रकार), गोंधळ, कीर्तन, भजन यालेच, डीजेले नाई. आन् कर्णे गावाच्या बाहेरच्या दिशेनं लावाचे नाई, पब्लिकच्या दिशेनं लावाचे, खाली. अर्धा त्रास कर्णे झाडावर बांधल्यानं होते.

@वडसा_लाईन मंडया एका दिवशी नसतात पण दिवाळीनंतरच्या दोन-तीन आठवड्यातच दाटीनं येतात. १५ मधले तीन-चार दिवस जिल्ह्यानं मोकळे ठेवून तालुक्याले ठरवू द्या, ज्या दिवशी ज्या भागात मंडई तिथं तो दिवस. जिल्हाभर एकच दिवस कशाले पायजे? बाकी बारानंतरचं, मी कायदा मोडा म्हणत नाई. नाटक आठले सुरू करणं आपल्याच हातात हाय. आठ ते बारा चार तास झाले. पण कंपन्या आठले येतात का?

वडसा_लाईन
कंपनी येईन जी, पब्लिक येईन का? साडेनवापर्यंत तिकीट खिडकीवर कुत्रं नसते. आन् मंडळवालेच म्हणतात थांबा पब्लिक वाढू द्या. पण शहरातल्या नाट्यगृहात कोणी रात्रभर बसत नाई हे बी खरं. नवीन पोरं आता अडीच-तीन तासाचं लिहून रायले. दोन-चार गावाईनं आठचा टाइम पाळला तं बाकीचे शिकतील, मी मालकाच्या कानावर टाकतो.

टॅक्सचं कोणी घाबरवत असन तं सांगून ठेवतो, ५०० रुपयापर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाई. आमच्या खुर्चीचं तिकीट बी तेवढं नसते.

खरं_बोलतो_राग_नको
गावात फिल्टरचं पाणी नाही, पोरांना शाळेत मास्तर नाही, आणि तुम्ही नाटकाचा ठराव घेता. वा.

ग्रामपंचायतीत_बसणारा
मी सचिव म्हणून काम करतो (आता आम्हाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पगार तोच). वरच्या भाऊंनी पाण्याचं काढलं म्हणून पैशाचं सांगून टाकतो, कारण लोकांना वाटतं सगळा पैसा एकाच डब्यात असतो.

१५ व्या वित्त आयोगाचं, म्हणजे मार्च २०२६ पर्यंतचं, गणित असं, की ६० टक्के बंधित, तो पाणी आणि स्वच्छता यावरच, दुसरीकडे वळवताच येत नाही. ४० टक्के अबंधित. म्हणजे नाटकामुळे पाण्याचा पैसा जाणार हा प्रश्नच नाही. स्वनिधीतून १५ टक्के मागासवर्गीय, १० टक्के महिला-बालकल्याण, ५ टक्के दिव्यांग हे ठेवावंच लागतं, उरलेल्यात पगार, लाईट बिल. घरपट्टी लोक भरत नाहीत म्हणून स्वनिधी नावालाच असतो, हे पण तुम्हीच करता.

तेव्हा कंपनीला द्यायला पैसे मागू नका, ऑडिटमध्ये मी अडकतो. कायम राहणारी वस्तू मागा. जागा सपाट करणं, विजेचं मीटर, पाण्याचा नळ, संडास-बाथरूम, वाचनालयाची खोली. ही आराखड्यात बसतात. आराखडा साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतो, तुम्ही दिवाळीत जागे होता तेव्हा यादी वर गेलेली असते. ठराव घ्यायचा तर १५ ऑगस्टच्या सभेत घ्या म्हणजे वेळ मिळतो.

पडद्यामागची
संडास-बाथरूम म्हटलं म्हणून लिहिते नाहीतर नुसतीच वाचत होते. मी सीझनला काम करते, नायिकेची आई, कधी मावशी, वय झालं तसे रोल आले. बाकी वर्षभर रोवणा, निंदण.

माईकची तुम्हाला फार काळजी आहे, बरोबर आहे, पण बाईचं काय होतं ते कोणी विचारत नाही. गावात पोचलो की पहिला प्रश्न कुठं जायचं. स्टेजच्या मागं साड्यांचा आडोसा करून कपडे बदलायचे, पोरं फटीतून मोबाईल घालतात. लघवीला जायचं तर कोणाच्या तरी घरी विनंती करायची, काही घरं चांगली असतात, चहा पण देतात, काही ठिकाणी दार लावून घेतात कारण आम्ही नाटकवाल्या. थंडीत रात्री दोनला धुऱ्यावर जावं लागतं, सोबत कोणी नसतं. म्हणून आम्ही संध्याकाळपासून पाणीच पीत नाही. किती जणींना लघवीचा आजार आहे ते डॉक्टरला माहीत.

आणि आमदार निधीतून गावोगावी जे सिमेंटचे रंगमंच बांधलेत ना, ते एकदा मागून जाऊन बघा. समोर नाव एवढं मोठं. मागं विंग नाही, खोली नाही, दार नाही, बोर्ड नाही, छत इतकं खाली की लाईट बांधता येत नाही. तिथं बकऱ्या बसतात आणि कंपनी बाजूच्या बांधीत स्वतःचं स्टेज उभं करते. बांधायच्या आधी एका तरी नाटकवाल्याला विचारलं असतं तर तेवढ्याच पैशात दोन खोल्या निघाल्या असत्या.

ठराव करता तर हे लिहा, की यापुढं गावात रंगमंच बांधला तर मागं दोन खोल्या, बायकांची वेगळी, आतून कडी, आणि लागून संडास. एवढं झालं तर शाळेच्या गॅदरिंगला पण कामी येईल, बचत गटाच्या मिटींगला पण.

ग्रामपंचायतीत_बसणारा
ताई तुमचा मुद्दा महिला सभेतून आणा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावीच लागते, तिथं मांडलं की ते ग्रामसभेसमोर येतं. बहुतेक गावात ती सभा सह्यांपुरतीच होते, पण गावातल्या बचत गटाच्या दहा बायकांनी धरून ठेवलं तर मला लिहावंच लागतं.

पेटीमास्तर
नमस्कार. मी ऑर्गन वाजवायचो, आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवाल्या पोरांनी जागा घेतली, चांगलं वाजवतात. मला मानधनाबद्दल विचारायचं होतं. शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं योजना आहे, वय ५० च्या वर आणि कलेत किमान १५ वर्षं काम पाहिजे, २०२४ पासून सगळ्यांना सारखेच महिना ५ हजार झाले, आधी अ ब क वर्ग होते आणि क वर्गाला २२५० मिळायचे. हे चांगलं झालं. पण जिल्ह्यातून वर्षाला १०० जणांचीच निवड होते आणि पुरावा मागतात. जाहिरातीचे कागद, पेपरची कात्रणं, फोटो, प्रमाणपत्र.

आता तुम्हीच सांगा पेटीवाल्याचं नाव पोस्टरवर कधी असते का. हिरोचं असते, लावणीवालीचा फोटो असते, खाली 'संगीतसाथ' आणि बहुतेक तेही नसते. दंडार करणाऱ्याचं तर पोस्टरच नाही. खडी गंमतमध्ये आयुष्यभर नाच्या म्हणून काम केलेला एक म्हातारा आमच्या बाजूच्या गावात आहे, त्याच्याकडं पुरावा म्हणजे त्याचे चाळ (पायातले घुंगरू). ते चाळ अर्जाला कसे जोडायचे?

२०२३ ला झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे साहेबांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही पेढे वाटले. पण त्यांच्या मागं वाजवणारे किती, पडदा ओढणारे किती, त्यांची यादी कोठेच नाही.

बांधीवाला
@पेटीमास्तर काका हे मले सुचलंच नव्हतं. ग्रामपंचायतीत कलावंतांची नोंदवही ठेवाची. नाव, कोणती कला, केव्हापासून, कोण्या मंडळात, साक्षीदार दोन. दरवर्षी मंडई झाली का सचिवानं त्या वर्षीचे प्रयोग लिहायचे आन् सही-शिक्का मारायचा. पंधरा वर्षानं पोराईजवळ पुरावा राहीन. आता जे म्हातारे हायेत त्यांच्यासाठी ग्रामसभेनंच ठराव करून द्यावा का हा माणूस अमुक वर्षापासून दंडारीत आहे हे गावाले माहीत आहे. निवड समितीनं मानलं तं ठीक, नाई मानलं तं लेखी नकार मांगू.

ग्रामपंचायतीत_बसणारा
नोंदवहीला पैसा लागत नाही, हे उद्यापासून होऊ शकतं. एक रजिस्टर आणि माझी सही.

धानोऱ्याचा
जोहार. गडचिरोलीतून लिहितो. आमचं गाव पेसामधी (आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा) येते. १९९६ च्या कायद्यात ४(घ) आहे, ग्रामसभा आपल्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपायला सक्षम आहे असं सरळ लिहून आहे, राज्याचे नियम २०१४ ला आले. तुमच्यासारखं २१ नंबर शोधत बसावं लागत नाही आम्हाला. पण कायद्यात असून काय होते ते पण ऐका.

आमच्या रेल्याला (आमचा सामूहिक नाच) माईक लागत नाही, लाईट लागत नाही, रात्रभर चालते कोणाची परवानगी नाही. त्रास वेगळाच आहे. कोणी मोठा साहेब, मंत्री येणार असला की तालुक्यातून फोन येते, पंधरा पोरी पाठवा, ड्रेसमधी, स्वागताला. सकाळी आठला बोलावतात साहेब येते दोनला. उन्हात उभ्या. जेवणाचं पाकीट आणि झालं, मानधन नाही. पोरींची शाळा बुडते, बायांची मजुरी बुडते. आणि मंग स्टेजवरून भाषण की आदिवासी संस्कृती जपली पाहिजे.

आमच्या ग्रामसभेनं ठरवलं की गावाबाहेर नाचायला बोलावलं तर पत्र पाहिजे, माणशी मजुरीच्या खाली नाही, गाडी, पाणी, सावली. एकदा नाही म्हणून पाहिलं, काही आभाळ कोसळलं नाही. तुम्ही पण हे ठरावात घाला.

वऱ्हाडी_ठेचा
काबे हे सगळं झाडीपट्टीचंच चालू हाय, आमचं वऱ्हाड का पाकिस्तानात हाय का 😄 आमच्या अमरावती जिल्ह्यात मोझरीचं गुरुकुंज (तुकडोजी महाराजांचा आश्रम), गावागावात खंजिरी भजनी मंडळ. सकाळची सामुदायिक ध्यान आन् संध्याकाळची प्रार्थना. तिथं म्हाताऱ्याशिवाय कोणी दिसत नाई आता. खंजिरी मढवाले माणूस भेटत नाई, भेटला तं कातडं भेटत नाई, प्लास्टिकची घ्या म्हणते.

दुसरं, तुमी खालून ठराव पाठवून रायले ते ठीक पण वरतं धोरण हायेच ना. राज्याचं सांस्कृतिक धोरण २०१० ले आलं, नवीन २०२४ ले मंजूर झालं. त्याच्याकडं बोट दाखवा ना. आन् नागपूरले दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र हाय, १९८६ पासून, केंद्र सरकारचं. त्यांची गुरु-शिष्य परंपरा योजना हाय, त्यात गुरूले आन् शिकणाऱ्या पोराईले मानधन भेटते. दंडारीसाठी, खंजिरीसाठी अर्ज करा. आमच्याइकडं कोणाले माहीतच नाई, नागपूर दोन-तीन तासावर हाय तरी.

बांधीवाला
धोरणाकडं बोट दाखवू, एक ओळ टाकू. पण मी खरं सांगू का, धोरणाचा कागद मुंबईत असते आन् माईक ठाणेदार बंद करते. मधात जे लोकं हायेत, तहसीलदार, बीडीओ, ठाणेदार, त्याईच्या टेबलावर आपला कागद पायजे. म्हणून खालून.

खरं_बोलतो_राग_नको
ठीक आहे, पाण्याचा पैसा वेगळा हे समजलं. तरी विचारतो, नाटकाचा फायदा कोणाला? मंडळवाल्यांना. हिशोब कधी दाखवतात का? आमच्या गावात मागच्या वेळी उरलेल्या पैशाचं काय झालं विचारलं तर मलाच वर्गणी किती दिली विचारलं.

वडसा_लाईन
याचा मुद्दा सोडू नका जी. कितीतरी गावात नाटकाच्या कमाईतून शाळेले पंखे लागले, मंदिराचं काम झालं, पण कितीतरी ठिकाणी पैसा मंडळाच्या खिशात मुरला आन् पुढच्या वर्षी नाटकच बंद. आन् कंपनीचे राहिलेले पैसे आमाले उन्हाळ्यात मांगत फिराव लागते. हिशोब ग्रामसभेत वाचाचा हे कलम टाका. पब्लिक आपोआप ठरावाच्या बाजूनं येते.

बांधीवाला
टाकतो. मसुदा करून पाह्यला, खाली देतो, साधी भाषा ठेवली हाय, दुरुस्ती सांगा.

"आज रोजीच्या ग्रामसभेत चर्चा होऊन सर्वानुमते ठरले की, मंडईनिमित्त होणारे नाटक, दंडार, खडी गंमत, गोंधळ, कीर्तन, भजन ही गावची परंपरा असून ध्वनिप्रदूषण नियम २००० मधील सवलतीच्या दिवसांत तालुक्यातील मंडईचे दिवस धरण्यात यावेत अशी मा. जिल्हाधिकारी यांना विनंती करण्यात येत आहे. प्रयोग रात्री ८ वाजता सुरू करण्यात येईल. ही सवलत डीजेला लागू राहणार नाही व आवाजाची मर्यादा मंडळ पाळेल. ग्रामपंचायत कलावंत नोंदवही ठेवील व दरवर्षी प्रमाणित करील. गावातील कलावंतांस शासकीय अथवा खाजगी कार्यक्रमास बोलाविल्यास लेखी पत्र व मजुरीपेक्षा कमी नाही इतके मानधन असल्याशिवाय पाठविण्यात येणार नाही. प्रयोगाचा जमाखर्च पुढील ग्रामसभेत वाचण्यात येईल. यापुढे बांधण्यात येणाऱ्या रंगमंचास मागील बाजूस दोन खोल्या, त्यापैकी एक महिलांसाठी, व संडास असल्याशिवाय ग्रामसभा जागा देणार नाही."

ग्रामपंचायतीत_बसणारा
चालेल. तीन गोष्टी. गणपूर्ती बघा, १५ टक्के मतदार किंवा १०० यात जे कमी असेल ते, नाहीतर सभा तहकूब. ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक यांची नावं त्याच दिवशी रजिस्टरवर लिहून घ्या, 'नंतर टाकतो' म्हटलं तर उठू नका. आणि प्रत सही-शिक्क्याची घ्या, तहसीलला देताना पोच घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला म्हणजे दिला असं होत नाही.

अभ्यासिका_२४
परीक्षेच्या आदल्या रात्री प्रयोग ठेवू नये हे पण टाका. दहावी-बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्येच असते आणि तुमचा सीझन होळीपर्यंत.

पडद्यामागची
आमचं कलम सगळ्यात शेवटी टाकलं भाऊ. ग्रामसभेत पहिल्या दोन ओळी वाचल्या की लोक हात वर करतात आणि शेवटचं कोणी ऐकत नाही, आणि जागा कमी पडली की सचिव शेवटचंच कापतात. ते पहिलं घ्या, माईक नंतर.

ग्रामपंचायतीत_बसणारा
ताई मी कापत नाही 🙏 पण बाकीचे कापतात हे खरं आहे.

बांधीवाला
वर घेतलं. परीक्षेचं पण टाकलं. सुधारलेला मसुदा ज्याले पायजे त्यानं आपल्या गावाचं आन् तालुक्याचं नाव खाली लिहा, पाठवतो. १५ ऑगस्टच्या आधी महिला सभेची तारीख कधी आहे ते पण आपापल्या सचिवाले विचारून इथं टाका.

धानोऱ्याचा
आमच्याकडचा ठराव गोंडीत पण लिहिणार, तुमचा पाठवा.

वऱ्हाडी_ठेचा
तिवसा तालुका. पाठवजा. मंडईच्या जागी यात्रा करून घेतो.